खेळ रंगात आला की पडदा काळा होतो : नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे की आधी आणखी काही तपासावे?

मधुरा_भांडुप

नमस्कार. घरच्या संगणकाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड अशी जुळणी आहे. कार्ड नवे घेतले होते आणि त्याची वॉरंटी आता संपली आहे. कॅबिनेट व ५०० वॅटचा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र आधीच्या संगणकातलेच आहेत. दिवसा मी यावर इमारतींच्या आराखड्यांचे काम करते, तेव्हा कसलीच तक्रार नसते. व्हॅलोरंटसारखा हलका खेळही कितीही वेळ चालतो.

अडचण येते ती मोठ्या, भारी चित्रांच्या खेळांत. पंधरा-वीस मिनिटे झाली की पडदा एकदम काळा होतो, मॉनिटरवर सिग्नल नसल्याची सूचना येते, कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने गरगरू लागतात आणि खेळातला आवाज मात्र आणखी काही क्षण ऐकू येत राहतो. त्यानंतर पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नसते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते. तापमान ७५ अंशांच्या पुढे गेलेले मला दिसलेले नाही. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यांनी कॅबिनेट न उघडताच कार्ड गेल्याचे सांगितले आणि लगेच नव्या कार्डाचा भावही सांगितला. एवढा खर्च करण्याआधी काय काय तपासता येईल, आणि कोणत्या क्रमाने?

नाडीपरीक्षा

कॅबिनेट न उघडता ज्यांनी निदान केले, त्यांच्याकडे मलाही एकदा माझी पाठ दाखवायची आहे.

विजेरी

मधुराताई, सर्वप्रथम त्या ४१ क्रमांकाच्या नोंदीविषयी. ‘पॉवर’ हा शब्द वाचून अनेक जण एसएमपीएस बदलायला धावतात. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की, संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. तुम्ही बटण दाबून धरले, म्हणून ती नोंद झाली. ती परिणामाची नोंद आहे, कारणाची नव्हे.

कारण शोधायचे असेल, तर तिच्या आधीच्या एक-दोन मिनिटांतल्या नोंदी पाहाव्यात. ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, प्रतिसाद देणे थांबवले आणि विंडोजने तो पुन्हा उभा केला, असे समजावे. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. दिलेले काम कार्डाने ठरावीक वेळेत, म्हणजे मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत, उरकले नाही, तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. अशा वेळी पडदा क्षणभर काळा होतो, खेळ बंद पडतो, पण डेस्कटॉप परत येतो. तुमच्याकडे तो परत येत नाही आणि पंखेही सुसाट सुटतात, म्हणजे ड्रायव्हरला सावरायची संधीच मिळत नसावी. मला हे ड्रायव्हरच्या खालच्या थरातले दुखणे वाटते.

ही २ सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत जाऊन वाढवण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी सापडतो. तुमच्या लक्षणांवर त्याचा काहीही उपयोग होणार नाही.

ओहम

विजेरी यांच्याशी पूर्ण सहमत. पंखे पूर्ण वेगाने फिरणे ही या वर्णनातली सर्वांत मोलाची खूण आहे. पंख्यांचा वेग ठरवणारी व्यवस्था कोलमडली की पुष्कळशी कार्डे सावधगिरी म्हणून पंखे पूर्ण वेगाने सोडतात. कार्डाने स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवले असेल, तर त्याची प्रमुख कारणे दोनच उरतात : अति तापणे किंवा पुरवठ्याचा दाब पडणे. व्हॅलोरंट चालतो आणि भारी खेळ चालत नाही, हेही दोन्हींशी जुळते. त्यामुळे अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजमाप करावे.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन घ्यावे आणि त्यातली फाइलमध्ये नोंद ठेवण्याची सोय सुरू करून खेळायला बसावे. पडदा काळा झाला तरी तोवरचे आकडे फाइलमध्ये शिल्लक राहतात. खेळताना दुसऱ्या खिडकीत डोकावून तापमान पाहणाऱ्याच्या हाती नेमका शेवटचा क्षण लागत नाही. चिपचे सरासरी तापमान आणि ‘हॉट स्पॉट’, म्हणजे तिच्यावरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान, हे दोन वेगळे आकडे आहेत. त्यांच्यातला फरक दहा-पंधरा अंशांचा असेल तर ठीक. तो पंचवीस-तीसच्या घरात गेला, तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप) वाळली आहे किंवा हीटसिंक (ती उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नीट बसलेला नाही, अशी शंका घ्यावी. या मालिकेतल्या कार्डांसाठी त्या साधनात, एसएमपीएसकडून कार्डाला वीज आणणाऱ्या ‘८-पिन’ जोडणीवरचा आत येणारा व्होल्टेजही दिसतो. एसएमपीएससाठीच्या एटीएक्स या प्रमाणानुसार १२ व्होल्टच्या वाहिनीला ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६ या मर्यादेत तो आकडा राहिला पाहिजे. भार वाढताना तो कसा वागतो, ते आम्हांला कळवावे.

तर्कट_परळ

एसएमपीएसवर आरोप ठेवणे हल्ली फार सोपे झाले आहे. जरा बेरीज करू या. ३०६० कार्ड १७० वॅट घेते, हा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला आहे, आणि बाकी सगळे मिळून पन्नास वॅट धरले तरी बेरीज तीनशेच्या आत राहते. त्या कामी ५०० वॅटचा एसएमपीएस कमी पडतो, हे पटणे कठीण आहे. आधी बिनखर्चाचा उपाय करावा. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या साधनाने जुना ड्रायव्हर मुळापासून काढावा आणि नवा बसवावा. वरचेवर अपडेट करताना जुन्याचे अवशेष राहून जातात आणि त्यांतून चित्रविचित्र अडचणी उद्भवतात, हा अनुभव अनेकांना आहे.

ओहम

तर्कट यांची बेरीज बरोबर आहे, मात्र ती एसएमपीएसच्या डब्यावर छापलेल्या मोठ्या आकड्याशी ताडून चालत नाही. एका बाजूला जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यातला १२ व्होल्टचा रकाना वाचावा. स्वस्त एसएमपीएसमध्ये ‘५००’ या आकड्यात ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्याही धरलेल्या असतात, आणि कार्ड व प्रोसेसर यांचा जवळजवळ सगळा भार तर १२ व्होल्टवरच असतो. तिथे ३० अँपिअर लिहिले असतील, तर तुमच्या कामाचे वॅट ३६० एवढेच झाले. तेही नवा असतानाचे. वर्षानुवर्षे उष्णतेत चाललेले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) आपली क्षमता हळूहळू गमावत जातात.

दुसरी बाब अशी की १७० वॅट हा सरासरीचा आकडा आहे. काही मायक्रोसेकंदांपुरती कार्डाची मागणी त्याच्या पुष्कळ वर उसळते. ही अडचण एवढी सार्वत्रिक झाली की २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या प्रमाणात, एसएमपीएसने आपल्या नामांकित क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे, अशी अट घालावी लागली. सकाळी पाणी सुटल्यावर सगळ्या मजल्यांवर एकदम नळ उघडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तोच प्रकार इथे व्होल्टेजचा होतो. टाकीत पाणी असते, पण त्या क्षणी दाब नसतो.

ड्रायव्हर स्वच्छ करून पाहायला माझी हरकत नाही. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, केबल आणि सेटिंग एकाच संध्याकाळी बदलले आणि अडचण गेली, तर ती कशामुळे गेली हे कळणार नाही, आणि आठवड्याने परत आली तर सगळे पहिल्यापासून करावे लागेल.

खाडीकाठ_माहीम

मुंबईच्या हवेचा कोणीच विचार केलेला दिसत नाही. पावसाळ्यात इथली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरत नाही आणि समुद्रालगतच्या घरांत त्या दमटपणासोबत क्षारही येतात. माझ्या खिडकीशी ठेवलेल्या संगणकाच्या स्क्रूंवर गंज चढला होता आणि कार्डाच्या सोनेरी दात्यांवर काळपट थर दिसत होता. कार्ड बाहेर काढून ते दाते साध्या खोडरबराने घासले आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवले, तेव्हापासून माझी तक्रार मिटली. मधुराताईंनीही हा बिनपैशाचा उपाय जरूर करून पाहावा.

विजेरी

कार्ड काढून पुन्हा नीट बसवण्याला माझे अनुमोदन आहे, खोडरबराला नाही. त्या दात्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. रबर त्याला खरवडते, खालचा धातू उघडा पडला की तो अधिक वेगाने काळवंडतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो तो वेगळाच. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल न विणलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाला लावून पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडत नाही.

खाडीकाठ_माहीम

लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात रॅम आणि कार्डे खोडरबरानेच साफ होताना मी पाहत आलो आहे, आणि ती चालतातही. तरीही अल्कोहोलचा मुद्दा मान्य.

तर्कट_परळ

ती चालतात म्हणूनच आपल्याला ती पाहायला मिळतात. जी चालली नाहीत, ती मागच्या खोलीत असतात.

पोटमाळा

जरा बाजूचा पण याच विषयातला प्रश्न आहे. माझ्या कार्डावर पडदा काळा होत नाही, तर खेळात मध्येच रंगीत चौकटी आणि ठिपके उमटतात. हे कार्ड मी २०२२ च्या अखेरीस वापरलेले म्हणून घेतले होते. याचे कारणही पुरवठाच असेल का?

विजेरी

पोटमाळा, तुमचे लक्षण निराळे आहे. ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर, उदाहरणार्थ मोबाइलवर, उघडून पाहा. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडते आहे, म्हणजे दोष कार्डात, ड्रायव्हरमध्ये किंवा खेळात आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर कार्डाबाहेरची वाट, म्हणजे केबल आणि मॉनिटर, आधी तपासावी. संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावरही ठिपके दिसत असतील, तर तिथे विंडोजचा ड्रायव्हर पोहोचलेलाही नसतो, त्यामुळे कार्डाच्या मेमरीवर किंवा चिपवर संशय पक्का होतो.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे ‘मायनिंग’, म्हणजे गणिते सोडवून ते चलन मिळवणे, संपले. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही, मात्र त्याचे पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड झिजलेले असू शकतात. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलण्याच्या साधनातून मेमरीचा वेग थोडा कमी करून पाहा. ठिपके गेले तर कारण मेमरीपाशी आहे, असे धरून चालता येईल.

हौशी_शेगडी

अशी कार्डे ओव्हनमध्ये भाजली की पुन्हा जिवंत होतात, असे मी पाहिले आहे.

ओहम

तो प्रयोग कृपया कोणी करू नये. उष्णतेने चिपखालचे तडकलेले जोड तात्पुरते जुळतात आणि कार्ड काही आठवडे चालल्यासारखे वाटते. तेवढ्यात प्लॅस्टिक आणि कपॅसिटर यांची वाट लागते. शिवाय ज्या ओव्हनमध्ये केक करायचा, त्यात सोल्डर आणि फ्लक्सचा धूर सोडणे आरोग्याला घातक आहे.

अभ्यासू_गिरगाव

पडद्यावर येणाऱ्या संदेशांवर विसंबण्याविषयी एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनरिअल इंजिन या प्रणालीवर बनवलेले खेळ उघडताना ‘ग्राफिक्स मेमरी अपुरी आहे’ अशा अर्थाचा संदेश येऊन खेळ बंद पडत असे. लोकांनी साहजिकच ग्राफिक्स कार्डांना दोष दिला. प्रत्यक्षात प्रोसेसरच अस्थिर झालेले होते, आणि खेळातली दाबून साठवलेली माहिती उलगडताना ते चुकत होते. २०२४ च्या ऑगस्टपासून इंटेलने त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मधुराताईंचा प्रोसेसर इंटेलचा नाही, त्यामुळे त्यांना हे लागू होत नाही; पण हा धागा पुढे शोधून वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे तसा प्रोसेसर असेल, तर त्यांनी कार्ड विकण्याआधी बायोस अद्ययावत करावा. रॅमवर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याचे सेटिंग) लावलेले असेल, तर तेही एकदा बंद करून पाहण्यासारखे आहे.

चारकोप_सेक्टर

माझ्याकडे मोठे कार्ड असूनही सगळे खेळ रडतखडत चालतात. कार्डाचे तापमान पाहावे, तर ते चाळिशीच्या पुढे सरकत नाही. कार्ड नकली असावे का?

नाडीपरीक्षा

मॉनिटरची केबल कार्डाला न लावता मदरबोर्डाच्या खोबणीत लावलेली आहे, असे मी कॅबिनेट न उघडता सांगतो.

चारकोप_सेक्टर

आपल्याला साष्टांग नमस्कार. केबल तिथेच होती.

सदाफुली_मुलुंड

मधुराताई, घरात यूपीएस आहे का? साधा ६०० व्हीएचा यूपीएस असेल, तर तो बहुधा ३६० वॅटच पेलतो. मुंबईत वीज जात नाही म्हणून आपण यूपीएसचा विचार करत नाही, आणि शहराच्या मोठ्या भागाची वीज गेली होती त्या १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस उजाडला की सगळे एकदम दुकानात धावतात. त्या धावपळीत घेतलेले छोटे यूपीएस पुढे मोठ्या कार्डांना जोडले गेले.

तर्कट_परळ

यूपीएसवर जास्त भार आला, तर तो शिटी वाजवतो आणि अख्खा संगणक बंद होतो. इथे आवाज सुरू राहतो, पंखे फिरतात, म्हणजे संगणकाला वीज मिळते आहे. यूपीएसचा मुद्दा इथे बसत नाही.

मधुरा_भांडुप

सर्वांचे आभार. यूपीएस नाही. सांगितल्याप्रमाणे एका वेळी एकच बदल करत गेले. डीडीयूने ड्रायव्हर काढून नवा बसवला. काही फरक पडला नाही. कार्ड काढून अल्कोहोलने पुसून बसवले, त्यानेही फरक पडला नाही. दाते स्वच्छच होते.

त्यानंतर नोंद सुरू ठेवून खेळले. शेवटच्या ओळींत चिपचे तापमान ७३ आणि हॉट स्पॉट ८५ आहे, तेव्हा उष्णतेचा संशय फिटला असे मी समजते. ८-पिन जोडणीवरचा व्होल्टेज मात्र डेस्कटॉपवर १२.१ असतो, खेळ सुरू होताच ११.६ होतो, मग मिनिटागणिक खाली घसरत ११.३ वर येतो आणि तिथे नोंद संपते. एसएमपीएसवरच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर २८ अँपिअर लिहिलेले आहे. आता एसएमपीएस बदलावा, की आणखी काही तपासावे?

ओहम

२८ अँपिअर म्हणजे ३३६ वॅट. चित्र बरेचसे स्पष्ट झाले आहे, तरी खरेदीआधी दोन परीक्षा करा. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणून तोच खेळ तेवढाच वेळ खेळा. अडचण नाहीशी झाली, तर भाराशी तिचा संबंध सिद्ध झाला. मग कोणाचा तरी चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता आणून, लिमिट पुन्हा शंभरावर नेऊन पाहा. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) एसएमपीएस असेल, तर त्याच्या स्वतःच्याच केबल वापराव्यात. दिसायला सारख्या असल्या तरी निरनिराळ्या कंपन्यांच्या केबलींत एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी वेगळी असते, आणि चुकीच्या केबलीने कार्ड खरोखरच जळू शकते.

तर्कट_परळ

वेळेनुसार घसरत जाणारा व्होल्टेज पाहून मी माझे मत बदलतो. भार तोच असताना आकडा खाली सरकत असेल, तर एसएमपीएस तापल्यावर दमतो आहे किंवा जोडणी गरम होते आहे. ८-पिनच्या तोंडाचे प्लॅस्टिक कुठे पिवळे-तपकिरी पडले आहे का, तेही पाहून घ्यावे.

मधुरा_भांडुप

जोडणीचे प्लॅस्टिक दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे. पॉवर लिमिट ७० टक्के ठेवल्यावर खेळ संध्याकाळभर चालला. दृश्यांच्या वेगात थोडी घट झाली, पण ती आकडे पाहिल्यावाचून जाणवली नसती. भावाकडचा ६५० वॅटचा एसएमपीएस त्याच्या केबलींसह आणून लावला. पूर्ण भारावरही व्होल्टेज ११.९ च्या खाली गेला नाही आणि पडदा काळा झाला नाही. कार्ड निर्दोष आहे, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. नवा एसएमपीएस घेतला आहे. त्याच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर ५४ अँपिअर आहेत. त्याचा खर्च नव्या कार्डाच्या पाव भागाहून कमी आला.

एक शेवटचा प्रश्न. जुना एसएमपीएस भाच्याच्या ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला द्यावा का? त्याच्यावर शंभर वॅटही भार येणार नाही.

खाडीकाठ_माहीम

भार कमी असेल तर चालेल, असे मला वाटते. फेकून देणे जिवावर येते.

ओहम

मी देणार नाही. ज्याचा १२ व्होल्टचा पुरवठा तक्त्यातल्या क्षमतेहून कमी भारावरच मर्यादेबाहेर जातो, त्याच्या आतल्या संरक्षक व्यवस्थेवर तरी विश्वास कसा ठेवायचा? तो बिघडताना सोबत मदरबोर्ड आणि डिस्क घेऊन गेला, तर भाच्याचे काम अडेल. नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे तो द्यावा. आणि कुतूहल म्हणून तो उघडून पाहण्याचा मोह कोणालाही झाला, तरी आवरावा : २३० व्होल्टचा पुरवठा आत एकदिश (डीसी) झाला की मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब साठतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तिथे टिकून राहू शकतो.